मोठ्या मशिनीतली अमानत

"सेव्ह करा! सेव्ह करा रे सगळे!"

दिवे गेले तसे वहाबभाई खुर्चीतून उठले आणि पॅसेजमध्ये येऊन नेहमीच्या वरच्या पट्टीत ओरडले. अकाउंट्सच्या हॉलमधली एकही मान वर झाली नाही. प्रत्येकापुढे लॅपटॉप होता, लॅपटॉपमध्ये बॅटरी होती, आणि काम तर आता या इमारतीत साठतच नव्हतं. ते कुठेतरी दूर, ज्याला सगळे क्लाउड म्हणत, तिथे आपलं आपण जाऊन बसत होतं. खरेदी विभागातली राजनंदिनी तेवढी मोबाइलवरून डोळे न काढता "हो भाई, केलं," म्हणाली, आणि तेही घरातल्या म्हाताऱ्याचं मन राखावं तसं.

वहाबभाईंना आपलीच लाज वाटली. पण जीभ कुठे ऐकते? वाळूजच्या या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्यांची उमर सर्व्हर रूममध्ये गेली होती. वीज गेली की यूपीएस जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा. तेवढ्या वेळात सगळ्या मजल्यांवर हाळी देत फिरायचं आणि मग येऊन मोठी मशीन सांभाळून बंद करायची, हा रिवाज होता. त्या हाळीला मॅनेजरसुद्धा घाबरायचे. पोरं पाठीमागे त्यांना 'सेव्हमामू' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आता मशीन नव्हती, हाळीची गरज नव्हती, आणि वहाबभाई सपोर्ट नावाच्या टेबलावर बसून लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देत होते.

"भाई, माझं तर तुमच्यापाशीच हाय की सेव्ह," फरशी पुसता पुसता मनकर्णाबाई म्हणाल्या. मग पोचा तसाच धरून जरा हळू आवाजात, "आज तारीख ध्यानात हाय नव्हं? डबा खाऊन येते दुपारी."

"ध्यानात आहे," वहाबभाई म्हणाले. "या की."

खरं तर तारीख त्यांना त्या क्षणी आठवली होती. ते टेबलापाशी परत आले, फोन काढला आणि त्यातला ऑफिसच्या खात्याचा कप्पा उघडला. त्यात 'अमानत' नावाचं फोल्डर होतं. वहाबभाईंनी त्यावर बोट टेकवलं. फोल्डर रिकामं होतं.

या अमानतीची गोष्ट जुनी आहे. ज्याच्या त्याच्या हाती कॅमेऱ्याचे फोन आले पण ते बरोबर सांभाळायची अक्कल कुणाला आली नव्हती, तेव्हाची. कुणाचा फोन पाण्यात पडायचा, कुणाचं मेमरी कार्ड बंद पडायचं, आणि माणूस घाबराघुबरा होऊन सर्व्हर रूमच्या दाराशी यायचा. दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढा', कारण धुळीचं मशिनीशी वाकडं. लोक चपला काढून, अदबीनं आत यायचे आणि म्हणायचे, "भाई, एवढं तुमच्या मशिनीत ठेवा." लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, कुणाच्या वडिलांचा शेवटचा फोटो. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, पण वहाबभाईंच्या मनात बसत होतं. त्यांनी फोल्डरला नाव दिलं अमानत, आणि घरी बायकोला, गौहरला, सांगितलं, "लोगां भरोसे से देते, तो संभालना पडता." प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची, एक मशिनीत, एक कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, हा त्यांचा दंडक. एका जागेचं गेलं तरी दुसरीकडचं राहतं, असं ते येईल त्याला ऐकवत.

मनकर्णाबाई आल्या त्या पदराच्या गाठीत मेमरी कार्ड बांधून. त्यांचा शिवराज याच कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपला होता. फुलंब्रीहून मोटरसायकलवर जा-ये करायचा, आणि एका संध्याकाळी अपघात होऊन रस्त्यातच राहिला. फोनचा चुरा झाला होता. कार्ड तेवढं हाती लागलं, तेही अर्धं मेलेलं. वहाबभाई आठवडाभर त्या कार्डाच्या मागे लागले होते. फोटो एकही निघाला नाही. निघाला एक लहानसा व्हिडिओ.

व्हिडिओत शिवराज नव्हताच. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या मनकर्णाबाई होत्या, आणि फोन धरणाऱ्या पोराचा फक्त आवाज होता. इकडं बघ, हास जरा, असं तो म्हणत होता. त्या लाजून "सर तिकडं, भाकर करपंल," म्हणत होत्या. मग त्याचं हसू, आणि संपलं. पहिल्यांदा तो लावला तेव्हा मनकर्णाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. खालच्या स्पीकरशी कान लावून बसल्या होत्या.

तेव्हापासून दरसाल, शिवराज गेला त्या तारखेला, त्या यायच्या. चपला बाहेर काढायच्या, थंड खोलीत पदर अंगाभोवती घट्ट लपेटायच्या आणि एकदाच ऐकायच्या. दुसऱ्यांदा लावू का विचारलं तर म्हणायच्या, "नगं. झिजंल." वहाबभाई त्या वेळी दाराकडे तोंड करून उभे राहत. आई-लेकाच्या मध्ये आपण कशाला बघायचं, अशी त्यांची अदब.

एकदा ते म्हणाले होते, "तुमच्या मुलीच्या फोनवर पाठवतो ना."

"नगं भाई. तिच्या सासरी लई लेकरं हायत फोनशी खेळणारी. पुसलं-बिसलं तर? तुमची मोठी मशीन बरी."

वहाबभाईंची छाती तेव्हा फुगली होती. 

मशीन बंद करायचा हुकूम गेल्या पावसाळ्यात आला. पुण्याच्या ऑफिसातून प्रणय नावाचा तरुण साहेब आला. गोड बोलणारा, कुणाला दुखवणारा नव्हता. कंपनीचा सगळा डेटा वर, त्या क्लाउडवर, जाणार होता, खासगी काही जाणार नव्हतं. वहाबभाई मग दिवस दिवस फिरले. "तुमची अमानत आहे, घेऊन जा," असं एकेकाला गाठून सांगत होते. लोक हसत होते. "भाई, ते सगळं आता फोनमध्ये असतं. आपोआप वर जातं. टाका पुसून." दिलेलं कुणाला आठवतही नव्हतं. त्यांच्या परवानगीनं वहाबभाई एकेक पुसत गेले. शेवटी शिवराजचा आवाज तेवढा उरला.

पेन ड्राइव्ह लावायला कंपनीत बंदी होती, आणि बंदी वहाबभाईंनीच इमानेइतबारे घातलेली. साहेबाला विचारावं तर इतकी वर्षं कंपनीच्या मशिनीत लोकांची बारशी सांभाळली हे कबूल करावं लागणार. म्हणून त्यांनी व्हिडिओ आपल्या ऑफिसच्या खात्यातून वर चढवला. तो लॅपटॉपवर दिसला, वरती दिसला, थोड्या वेळाने त्यांच्या स्वतःच्या फोनवरही दिसला. दोनाच्या जागी तीन झाले म्हणून ते निर्धास्त झाले. मग जुन्या डिस्क, कपाटातलीसुद्धा, त्यांनी स्वतःच्या हाताने ड्रिलखाली धरल्या, कारण नियम तसा होता. दिवाळीच्या आधी त्यांचाही जुना लॅपटॉप बदलून द्यायला परत मागितला, तेव्हा पाहुण्याच्या घरची खोली झाडून द्यावी तसा त्यांनी तो आतून साफ करून दिला. आपलं म्हणून जे जे होतं ते पुसलं, कचरापेटीसुद्धा रिकामी केली. फोनवर आहेच की, वरती आहेच की.

फोनवरचं रिकामं फोल्डर बंद करून त्यांनी पुन्हा उघडलं. असं बऱ्याचदा केलं. मग ते प्रणयच्या केबिनशी गेले.

"सर, एक फाइल दिसत नाही. लॅपटॉपवरची मी पुसली होती, पण फोनवरची तर राहायला पाहिजे. वरची पण."

प्रणयने त्यांचं खातं उघडून मन लावून शोधलं, त्याला बोल लावायला जागा नाही. मग खुर्ची मागे घेऊन तो म्हणाला, "भाई, त्या तीन नव्हत्याच. फाइल एकच होती, तीन खिडक्यांतून दिसत होती. तुम्ही एका खिडकीतून पुसलीत, ती सगळीकडून गेली."

"एका जागेचं गेलं तरी दुसरीकडचं राहतं ना पण..."

"जुन्या सिस्टीममध्ये राहायचं. इथं सगळं एकमेकांशी जुळवून घेतं."

"त्या क्लाउडवाल्यांना विचारून बघू. त्यांच्याकडे असेल कुठंतरी."

"काही दिवस ठेवतात ते. पण दिवाळीआधीचं म्हणजे खूप झालं. कायमचं गेलं असणार." प्रणयचा चेहरा उतरला. "कसली फाइल होती? ऑडिटची काही?"

"नाही सर. खासगी होती."

"मग ठीक आहे," प्रणय सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "मी घाबरलोच होतो."

वहाबभाई 'ठीक आहे सर' म्हणून बाहेर आले. शिव्या द्यायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं, पण इथे चूक करणारा हात त्यांच्याच मनगटाला होता. गौहरच्या फोनवर पडद्याचं शूटिंग घेतलं असतं तरी भागलं असतं. शाळकरी पोराला सुचलं असतं ते त्यांना सुचलं नव्हतं, कारण त्यांना सगळं येत होतं. डबा त्यांनी उघडला नाही.

दुपारी मनकर्णाबाई जुन्या सर्व्हर रूमशीच आल्या. सपोर्टचं टेबल त्यांना ठाऊक होतं, पण या कामाची जागा त्यांच्या लेखी हीच होती. खोलीत आता मोडक्या खुर्च्या आणि पाण्याचे रिकामे जार ठेवत. एसी काढून नेला होता, भिंतीत त्याचं चौकोनी भोक पुठ्ठा लावून बुजवलं होतं. दारावरची पाटी मात्र कुणी काढली नव्हती. मनकर्णाबाईंनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या आणि सवयीनं पदर लपेटून घेतला.

"मशीन तर न्हेली. आता फोनवर लावता का?"

"बसा मनकर्णाबाई."

त्या एका खुर्चीच्या कडेवर बसल्या. वहाबभाई उभेच राहिले. आज दाराकडे तोंड करायची सोय नव्हती.

"ते राहिलं नाही," ते म्हणाले.

"काय राह्यलं नाय?"

"शिवराजचं. ते गेलं."

"चोरीला गेलं?"

"नाही."

"मंग जळालं का काय?"

"नाही. मी पुसलं. माझ्या हातानं. मला वाटलं दुसरीकडं आहे. दुसरीकडं नव्हतं. तुमची अमानत होती. मला सांभाळता नाही आली."

मनकर्णाबाई रागावल्या नाहीत. हेच वहाबभाईंना सहन होईना. त्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे आता कुठंच नाय."

"कुठंच नाही."

"बरं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं वर बघितलं. "पर तुमी तर ऐकलंय की भाई दरसाल. मला एकटीला म्हणून धीर हुत नाय, येडंवाकडं आठवंल. तुमी म्हणा बरं एकदा. त्यो कसा म्हणला व्हता तसंच."

वहाबभाईंनी डोळे मिटले. वीस माणसांच्या हॉलमध्ये ओरडणारा आवाज त्यांनी खाली आणला. खाकरून त्यांनी हळूच सुरुवात केली, "'आई, इकडं बघ की. अगं हास ना जरा...'"

"आई म्हणला?"

ते थांबले.

"माय नाय म्हणला?" मनकर्णाबाईंच्या आवाजात पहिल्यांदाच भीती उतरली होती. "ल्हानपनापासून माय म्हणायचा त्यो. कंपनीत लागला आन मंग पोरांचं ऐकून आई म्हणाया लागला. कधी हे, कधी ते. त्याच्यात काय म्हणला व्हता भाई? नीट आठवा."

वहाबभाईंनी नीट आठवलं. दाराकडे तोंड करून उभं राहून दरसाल ऐकलेला आवाज त्यांनी कानात आणला. तो आवाज आई म्हणाला. मग त्याच आवाजात, त्याच लाडात, माय म्हणाला. दोन्ही अगदी खरे वाटत होते. ताडून बघायला मूळ कुठेच नव्हतं.

"नाही आठवत," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी मान हलवली. "मला बी नाय."

त्यांनी लपेटलेला पदर सोडला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, बाहेर जाऊन चपला पायात सरकवल्या आणि आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून पूर्वी ओढायच्या तसं दार हलकेच ओढून घेतलं.