हिरवा डबा

"हॉलिस, तुझ्या बायकोला सांग, माझ्या कोठारात गांजा शिजणार नाही!"

ट्विला समोरच उभी होती, पण आई बोलत होती माझ्याशी.

"आई, गांजा नाही हो, हेम्प आहे. त्याने नशा चढत नाही," ट्विला म्हणाली.

"झाड तेच, पान तेच! चर्चमधल्या बायका माझ्या तोंडात शेण घालतील."

बावीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना वाढल्यावर ट्विलाने पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं. आमचं तंबाखूचं कोठार. केंटकीत आता तंबाखूला विचारतो कोण? मी शेतात हेम्प लावलं होतं. त्याच्या फुलांतून सीबीडी नावाच्या द्रव्याचा अर्क काढून, मेण आणि पुदिना घालून ती मलम करायची. पण कोठार आईचं, किल्ली आईच्या एप्रनच्या खिशात. शेवटी ठरलं, शनिवारच्या बाजारात माल खपला तर कोठार ट्विलाचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

शनिवारी आई मुद्दाम आली. टेबलाशेजारी खुर्ची टाकून घेवड्याच्या शेंगा ओवत बसली. शेंगा दोऱ्यात ओवून चुलीमागे वाळवायच्या आणि हिवाळ्यात चरबीत शिजवायच्या, हे तिचं जन्माचं काम. बोटं आखडली म्हणून दोन वर्षं सोडलं होतं. यंदा पुन्हा हातात घेतलं. बोटं सुटली कशी विचारलं की म्हणायची, "हवा कोरडी आहे यंदा."

गिऱ्हाईक विचारायचं, "दुखण्यावर चालतं का?"

"ते सांगायची परवानगी नाही," ट्विला म्हणायची.

खरंच नव्हती. गुण येतो असं डबीवर लिहायचं नाही आणि तोंडानेही म्हणायचं नाही, असं सरकारी बाईंनी बजावलं होतं. दुसरी एखादी हळूच बोलून मोकळी झाली असती. आमची नाही! गिऱ्हाईक पुढे मधाच्या टेबलाकडे. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

अकराच्या सुमारास तिने एका बाईला वास द्यायला डबी उघडली. आईने एकदम मान वर केली.

"हा तर माझ्या गोठ्यातल्या हिरव्या डब्याचा वास. कासेच्या मलमाचा."

गाईच्या कासेचं मलम आमच्याकडे माणसंही हाताला चोळतात. ट्विला पांढरीफटक पडली.

"आई... तो डबा रिकामा होता. तुम्ही घरात ठेवू देत नव्हतात, म्हणून पहिला घाणा मी त्यात भरला."

"अगं, दीड महिना मी ते हाताला लावतेय!"

ट्विलाने घाईघाईने डबीचं झाकण लावलं.

"गाईंनाही लावलं!"

मी हसू दाबायला गेलो आणि फसलो.

आईने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मांडीवर हातभर माळ झाली होती.

"मग गुण येतो की नाही?" ती बाई वैतागली.

"नाही हो सांगता येत," ट्विला पुटपुटली.

"तिला नाही, मलाही नाही," आई म्हणाली. तिने नवी सुई उचलली, एका झटक्यात दोरा ओवला आणि भराभर शेंगा सरकवायला लागली. "बघायला मात्र बंदी नाही."

बाईने दोन डब्या उचलल्या. एक वाजेपर्यंत टेबल रिकामं झालं! ट्विलाने मला बाजारातच मिठी मारली. आई मात्र घरी येईपर्यंत शेंगाच ओवत राहिली.

सोमवारी सकाळी आम्ही कोठाराकडे गेलो. उंबऱ्यावर हिरवा डबा होता, घासून लख्ख केलेला. आत किल्ली आणि आईच्या अक्षरात चिठ्ठी:

"भरून ठेव. गाईंना हवंय."