देव्हाऱ्यातली किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. पितळेची, बोटभर लांबीची, डोक्याला भोक असलेली. सध्या माझा मुक्काम एका सीलबंद पाकिटात आहे आणि बाहेर ऊन आहे की अंधार हेही मला दिसत नाही. इथे मी कशी आले तेच सांगायला बसलेय. माणसं आम्हाला मुकं समजतात आणि आमच्या देखत वाटेल ते बोलतात. खुंटीवर टांगून राहिलं की घरातलं सगळं कानावर पडतं.

माझा जन्म अलीगढचा. कुलपाच्या पोटातले खटके आणि माझे दात एकाच कारागिराने जुळवले. आम्ही तिघी बहिणी एका तारेत ओवलेल्या होतो. भिवंडीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून राहनाळच्या हरेशशेठनी आम्हाला विकत घेतलं, आणि त्याच दिवशी माझ्या दोन्ही बहिणींना नेऊन खाडीत टाकलं. एक दार, एक किल्ली, असा त्यांचा हिशेब. दुसरी किल्ली असली की दुसरा हात आलाच, असं ते म्हणत. मला वाटलं, तिघींत आपलंच नशीब थोर.

हरेशशेठ तसे वाईट गृहस्थ नाहीत. गावात कोणाच्या घरी मयत झाली तर पहिली गाडी त्यांची उभी राहते. त्यांच्या वडिलांच्या भाताच्या शेतावर आता त्यांचं पत्र्याचं लांबलचक गोडाऊन आहे. लोक मोबाईलवर जे मागवतात ते सगळं तिथे खोक्यांत भरलं जातं, बूट, अत्तराचे फवारे, नेलपॉलिश, खेळणी. पुढच्या शटरला ट्रक लागतात. मागे एक लोखंडी दार आहे, ते गल्लीत उघडतं. त्या दारातून एकदा दोन खोकी चोरीला गेली. त्या दिवसापासून सकाळची शिफ्ट आत गेली की मागच्या दाराला बाहेरून कुलूप लागायचं, आणि मला शेठच्या घरी नेऊन पोचवायचं.

घरी म्हणजे थेट देव्हाऱ्यात. शेठच्या वडिलांच्या काळी भाताच्या कोठीची किल्ली एकवीरा आईच्या फोटोखालच्या खिळ्याला असायची. देवीच्या देखत कोणी हात लावत नाही, ही त्या घराची रीत. कोठी गेली, भात गेलं, रीत तेवढी राहिली. सुपरवायझर देवेश मला घेऊन आला की शेठ मला डोळ्यांना लावत आणि खिळ्याला अडकवत. दसऱ्याला मला झेंडूचं फूल आणि हळदकुंकू मिळायचं. एवढा मान कुठल्या किल्लीला मिळतो? मी तर फुगूनच गेले होते.

संध्याकाळी देवेश मला परत नेई. दिवसभराचा फाटका पुठ्ठा मागच्या दाराने बाहेर काढायचा, त्यासाठी. ते काम बाळारामचं. वळगावचा हा म्हातारा गोडाऊनमध्ये सगळ्यांत जुना, गुडघ्याने अधू आणि तोंडाने भारी वात्रट. सकाळी देवेश बाहेरून कुलूप लावायला लागला की आतून पत्र्याला तोंड लावून तो मला म्हणायचा, "जा गो बाय. सांजच्याला ये, इसरू नको." आतल्या बायका हसायच्या. त्याची मुलगी काशीही तिथेच, पट्टी चिकटवायच्या टेबलावर. तिला बापाच्या या चाळ्यांची लाज वाटायची.

आता देव्हाऱ्यासमोरच्या टेबलाविषयी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

शेठची मुलगी मृणाली दहावीपर्यंत काशीच्याच वर्गात होती. दहावीनंतर काशी गोडाऊनला लागली आणि मृणालीला शाळेतून काढून घरी बसवलं. तिचा मामा अमेरिकेत, तिला कॉलेजला तिकडे न्यायचं ठरलेलं. मग इथे घरबसल्याच तिकडच्या शाळेचा अभ्यास सुरू झाला. तिच्याबरोबर चुलतभाऊ भावेशचंही नाव घातलं. पुस्तकं तिकडची, परीक्षा कॉम्प्युटरवर आणि अमेरिकेचा इतिहास सक्तीचा. तो शिकवणार कोण? शेठच्या धाकट्या भावाची बायको मेघाली, भावेशची आई. लग्नाआधी ती कॉलेजात इतिहास शिकवायची. या घरच्या सुना नोकरी करत नाहीत म्हणून ते सुटलं होतं. आता घरातच वर्ग भरला म्हटल्यावर ती जेवणं आटोपून, साडी बदलून टेबलाशी येऊन बसे. इतकी खूश मी तिला एरवी कधी पाहिली नाही.

शिकवायची तिची तऱ्हाच वेगळी. बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहा समुद्रात ओतला, तो धडा झाला त्या दिवशी तिने पोरांना चहाच दिला नाही. भावेश चडफडला, पण तारीख पाठ झाली. गुलामांच्या धड्याला तिने दोघांच्या तळहातावर कापूस ठेवला आणि विचारलं, हा वेचणाऱ्याचं नाव पुस्तकात का नाही? भावेशला फक्त लढाया आवडायच्या. मृणाली मात्र ऐकता ऐकता गप्प होत जायची.

गुरुवारी शेठचा उपास, त्या दिवशी ते दुपारी घरी येत आणि झोपाळ्यावर बसून धडा ऐकत. इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण आपल्या घरात अमेरिका बोलतेय याचा त्यांना केवढा अभिमान. कोणी पाहुणा आला की त्यालाही शेजारी बसवून घेत.

अशाच एका गुरुवारी मेघालीने धडा मराठीत शिकवायला घेतला. का, ते मला माहीत होतं. आदल्या रविवारी काशी मृणालीला भेटायला आली होती. मागच्या दाराशी उकाड्याने जीव जातो, उघडा म्हटलं तर किल्ली तुमच्या देवाजवळ, असं ती हसत हसत बोलून गेली. मेघाली तेव्हा पाणी घेऊन आली होती. तिने आधी काशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

धडा एकोणीसशे अकरा सालचा. न्यूयॉर्क शहरातला बायकांचे कपडे शिवायचा कारखाना, उंच इमारतीतले वरचे मजले. कामाला परदेशांतून आलेल्या मुली, पुष्कळशा मृणालीच्याच वयाच्या. कापड चोरतील म्हणून सुटताना एकाच दाराने सोडायचं, प्रत्येकीची पिशवी तपासायची आणि दुसरं दार बंद ठेवायचं. एके दिवशी सुटीच्या वेळेला आग लागली. मुली त्या बंद दाराशी गेल्या. शंभरावर जीव गेले. मेघाली हे सगळं आवाज न चढवता सांगत होती आणि शेठनी पायाने झोपाळा थांबवला होता.

"किल्ली कोनाकडं होती?" त्यांनीच विचारलं.

"मुकादमाकडे होती, असं सांगतात. तो दुसऱ्या वाटेने आधीच निसटला होता."

"आन मालक? त्यांना फाशी दिली का न्हाय?"

"सुटले, दादा. दाराला कुलूप आहे हे मालकांना माहीत होतं, असं कोर्टात सिद्ध झालं नाही."

शेठनी त्या मालकांना अस्सल शिवी दिली. कसली माणसं म्हणायची ही, असं म्हणून ते हळहळले. त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. मृणालीने मान वळवून देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग भावेशने पाहिलं. शेठची नजर सगळ्यांत शेवटी माझ्यावर आली.

"पप्पा," मृणाली म्हणाली, "आपल्या दाराची पण इथेच आहे."

"त्यो कारखाना होता. आपल्याकडं खोकी हायत," शेठ म्हणाले आणि उठले. जाता जाता मेघालीला बजावून गेले की परीक्षेला येतंय तेवढंच शिकवायचं.

मला वाटलं होतं, आता मी बाळारामच्या गळ्यात जाईन. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी देवेश आला तेव्हा शेठनी मला डोळ्यांना लावलं, पण खिळ्याला अडकवलं नाही. मला शर्टाच्या खिशात टाकलं. पोरांच्या डोळ्यांसमोर नको, एवढाच त्यांचा विचार. वेळ पडली तर देव्हाऱ्यातून कोणीही मला उचलून धावत गोडाऊन गाठलं असतं, घरापासून ते हाकेच्या अंतरावर. आता मी शेठ जातील तिकडे जायला लागले. कधी ठाण्याला, कधी कल्याणला, एकदा तर लोणावळ्याला. मला खिशात फार भीती वाटायची. मालकाच्या छातीशी असूनही वाटायची.

त्यातून एक वेगळंच होऊन बसलं. संध्याकाळी मी वेळेवर पोचेना, म्हणून पुठ्ठा बाहेर जाईना. तो मागच्या दाराला आतून टेकवून रचायला लागले. दोन-तीन दिवसांनी मी गेले की बाळाराम तो उपसायचा आणि म्हणायचा, माहेरी गेलतीस काय गो बाय? हसताना त्याला धाप लागायची. देवेशने शेठना एकदा चाचरत सांगून पाहिलं. शेठ म्हणाले, बघू.

मग खारबावची हळद आली. शेठच्या भाचीचं लग्न, सगळं घर तिकडे. शिफ्ट त्या दिवशी लांबली होती, सणाची मागणी होती. सकाळी कुलूप लागताना बाळाराम नेहमीचं बोलला आणि मी शेठच्या खिशात खारबावला गेले. दिवेलागणीला मांडवात गाणी सुरू झाली, आणि आमच्याकडच्या हळदीत आवाज केवढा असतो ते वेगळं सांगायला नको. शेठ भाचीला हळद लावून पुरुषांत नाचायला उतरले. त्यांचा फोन माझ्याच खिशात होता. तो थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. माझ्या अंगाला लागून तो इतका वेळ थरथरत राहिला की मी त्याच्यावर वाजायला लागले. पण त्या ढोलात आम्हा दोघांना कोण ऐकणार?

तिकडे बायकांत बसलेल्या मृणालीला काशीचा फोन आला. हे मी मागाहून ऐकलं, मांडवाबाहेर ती मेघालीला सांगत होती तेव्हा मी तिच्या मुठीत होते. काशी म्हणाली होती, "पुढं आग हाय. मागचा दार उघडत न्हाय. बाबा पुठ्ठा काढतोय. तू ये ना गो."

मृणाली नाचणाऱ्या पुरुषांत शिरली. लेक नाचायला आली म्हणून शेठनी हसत दोन्ही हात वर केले. तिने सरळ त्यांच्या खिशात हात घातला आणि मला ओढून काढलं. ते काहीतरी बोलले, ती थांबली नाही. मेघालीने स्कूटी काढली, मृणाली मागे बसली. अंजूरफाट्याला कंटेनर एकामागे एक उभे. मेघाली नेसत्या साडीने चिखलातून, गटाराच्या कडेने गाडी काढत होती. मृणालीने मला इतकं घट्ट धरलं होतं की माझे दात तिच्या तळव्यात रुतले. राहनाळवर धूर दिसायला लागला तेव्हा ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, काकी, पोचू ना आपण.

आम्ही पोचलो. शेजारच्या गोडाऊनवाल्यांनी पहारी घालून दार बिजागऱ्यांकडून उखडलं होतं. काशी गल्लीत बसली होती, केस जळलेले, हातांची कातडी सोललेली. बाकीच्या बायकाही बाहेर आल्या होत्या. दारापर्यंत वाट व्हावी म्हणून बाळाराम शेवटपर्यंत आत पुठ्ठा ओढत राहिला. त्याला आणून त्याच पुठ्ठ्यावर निजवलं होतं आणि त्याच्या तोंडावर कोणाची तरी ओढणी होती.

उखडलेल्या दाराला कुलूप तसंच बंद लटकत होतं. मृणाली त्याच्यापाशी गेली. मला आत घातलं आणि फिरवलं. कुलूप लगेच उघडलं. मग ती तिथेच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी घरी आले. जिथे अमेरिकेचा इतिहास चालायचा त्याच टेबलाशी बसले. शेठच्या कानामागे हळद अजून पिवळी होती. एका रात्रीत माणूस म्हातारा झाला होता, खोटं कशाला बोलू. देवेश खाली मान घालून भिंतीशी उभा होता.

"दाराला कुलूप होतं हे मला म्हाईतच नव्हतं, साहेब," शेठ म्हणाले. "त्यो सगळा देवेश बघतो."

स्वयंपाकघराच्या दारात मेघालीने डोळे मिटले. ते वाक्य तिने याच खोलीत शिकवलं होतं.

तिच्या मागे उभी असलेली मृणाली पुढे आली. रात्रभर तिने मला सोडलं नव्हतं. बापाकडे न बघता ती टेबलापाशी गेली आणि तिने मूठ उघडली. तळव्यावर माझ्या दातांचे व्रण होते.

"ही किल्ली," ती म्हणाली. "काल मी पप्पांच्या खिशातून काढली."

शेठ ओरडले नाहीत. ते देव्हाऱ्यातल्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. अधिकाऱ्यांनी पाकीट मागवलं.

तेव्हापासून मी पोलीस ठाण्यातल्या या कपाटात आहे. शेजारी पुष्कळ पाकिटं आहेत, काहींवर उंदरांनी दात मारलेत. कपाट उघडलं की बाहेरचं थोडं ऐकू येतं. शेठ जामिनावर सुटलेत. देवेश सगळं स्वतःवर घ्यायला तयार झाला, असं कोणी म्हणत होतं. मृणालीची परीक्षा झाली का, ती तिकडे गेली का, मेघाली अजून त्या टेबलाशी बसते का, मला काहीच ठाऊक नाही. गोडाऊनला मात्र नवे पत्रे चढलेत, नवं दार बसलंय. त्याला म्हणे किल्लीच नाही. शेठच्या फोनवरून ते उघडतं.

तो फोन मी ओळखते. माझ्याच खिशात थरथरत होता.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. उद्या कामावर जाल तेव्हा मागच्या दाराला एकदा हात लावून बघा, आणि उघडलं नाही तर किल्ली कोणाच्या खिशात आहे ते मोठ्याने विचारा. आणि कोर्टात माझं नाव पुकारलं जाईल त्या दिवशी हे पाकीट या कपाटात सापडू दे. मला तिथे पोचायचंच आहे. सांजच्याला ये, इसरू नको, असं मला एकाने सांगितलं होतं, आणि त्या संध्याकाळी मी पोचले नाही.