तिसऱ्या दिवसाची पुडी

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची खरखर रविवारी तरी थांबे. सुभेदारस्वामींच्या शेडपुढची रांग काही थांबायची नाही. सत्त्याण्णव साली तापाची साथ आली आणि स्वामींचं नशीब उघडलं. अंगात भगवी कफनी, तिच्यावर मिलिटरीचा पट्टा, गळ्यात रुद्राक्षांसोबत शिट्टी. शिट्टी वाजली की रोगी ‘सावधान’मध्ये उभा!

“ताप म्हणजे घुसखोर!” स्वामी गरजत. “लांबून गोळी झाडली तर पळेल आणि फिरून येईल. टप्प्यात येऊ दे! तिसऱ्या दिवशी पुडी, चौथ्या दिवशी ताप खलास. सरहद्दीवर जवानांना हीच देतात. वरचा हुकूम आहे!”

आणि चौथ्या दिवशी ताप खरंच जाई. शपथेवर सांगणारे पन्नास जण भेटत.

रम्या बीएस्सी झालेली. पण लेकीचं अंग तापलं की डिग्री कपाटात राहते. दोन वर्षांच्या अक्षराला घेऊन ती आधी डॉक्टर कृष्णमूर्तींकडे गेली. मान वर न करता ते म्हणाले, “तीन दिवस थांबा. पाणी पाजा. नेक्स्ट!” रम्या फणफणत बाहेर पडली. पाणी पाजायला डॉक्टर कशाला? मग सासूबाईंनी, सोयराबाईंनी, तिला स्वामींकडे नेलं. स्वामींनीही तीन दिवस थांबायलाच सांगितलं. पण शिट्टी वाजवून, अक्षराच्या डोक्यावर हात ठेवून. रम्याला केवढा धीर आला!

तिसऱ्या दिवशी तिघी पुन्हा शेडपुढे आल्या, तर रांगेच्या शेवटी नणंद मनस्विनी वही घेऊन बसलेली. डॉक्टर आणि रोगी एकमेकांशी काय बोलतात, औषध का लिहिलं जातं, यावर तिचं संशोधन चाले. सोयराबाईंच्या मते हे पोरीचं लग्न लांबवायचं निमित्त होतं.

“अक्का, तुम्ही इथे?” रम्या चकित झाली.

“आठ दिवस येतेय. पहिल्या दिवशी स्वामींनी परत पाठवलेल्या चाळीस जणांची नावं लिहून घेतली होती. एकोणतीस जण पुन्हा फिरकलेच नाहीत.”

“का?”

“घरी जाऊन विचारलं. पुडीआधीच बरे झाले होते. साधा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणच उतरतो, वहिनी. गाडी सुटायच्या वेळेला झेंडा दाखवला, म्हणजे गाडी काय झेंड्याने ओढली?”

“आणि ज्यांचा उतरला नाही?”

“पुडी घेतलेल्यांतल्या दोघी इस्पितळात आहेत. त्या इथे येऊन साक्ष देणार होय?”

“पुरे झालं तुझं! स्वल्प तरी श्रद्धा ठेव की!” सोयराबाई कडाडल्या.

रम्याने अक्षराच्या कपाळाला हात लावला. कालच्यापेक्षा निवलेलं होतं. तरीही मन मानेना. पुडी घेतली आणि ती लागत नसली, तर नुकसान काय? फडकं भिजवायला ती शेडमागच्या नळावर गेली. तिथल्या कचऱ्यात लाल-काळ्या कॅप्सूलच्या रिकाम्या टोप्यांचा खच पडला होता, आणि चुरगळलेल्या पट्ट्या. एक पट्टी उचलून तिने नाव वाचलं: अँपिसिलिन, म्हणजे अँटिबायोटिक. गेल्या वर्षी याच औषधाने अक्षराचे ओठ सुजले होते, श्वास अडकला होता. रात्रभर इस्पितळात काढली होती.

ती धावत आली, तोवर सोयराबाईंनी पुडी घेऊन उलगडलीही होती; आत लालसर पूड.

“आई, थांबा!” रम्याने त्यांचा हात धरला. “स्वामी, यात काय आहे?”

“लष्कराचं गुपित!”

तिने पट्टी रांगेसमोर धरली. “हे गुपित कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. वर कुंकवाचा रंग तुमचा. चिमूट पहिलवानाला तेवढीच, तान्ह्यालाही तेवढीच? माझी मुलगी याने मेली असती!”

“सैन्याची औषधं कुणी कुणाला द्यायची, त्या नियमांवर मी दोन वर्षं काम केलंय,” मनस्विनी पुढे आली. “तिथे असली कॅप्सूल डॉक्टरच्या सहीशिवाय हलत नाही. आपण कुठल्या पलटणीत होता?”

स्वामींनी पट्टा सावरला. “कँटीनला… भाजी घालायचो.”

रांगेत हशा पिकला. निम्मी पांगली. उरलेल्या निम्म्यांनी पुड्या घेतल्याच. “भाजीवाला का असेना, गुण येतो की!”

रम्या थेट कृष्णमूर्तींकडे गेली. तिचा चेहरा पाहूनच त्यांनी निमूट पेन उचललं. “बरं, बरं, एक अँटिबायोटिक सिरप लिहून देतो.”

“हिला लागणार आहे का?”

पेन थबकलं. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. अक्षराचा घसा, कान, छाती नीट तपासली.

“नाही लागणार.”

“मग लिहीत का होता?”

“तुम्हाला हवं असेल म्हणून.”

“आणि आम्हाला वाटतं, तुम्ही लिहिता म्हणजे लागतच असणार!”

डॉक्टर ओशाळून हसले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सगळं समजावलं: विषाणूच्या तापावर हे औषध चालत नाही, आणि उगाच देत गेलं की जंतू त्याला सरावतात, मग खरी गरज पडते तेव्हा ते हात वर करतं. कोणत्या खुणा दिसल्या तर धावत यायचं, तेही सांगितलं. सगळी मिळून पाच मिनिटं लागली.

बायांनो, बाप्यांनो, एवढंच करा. पुडी देणाऱ्याला आत काय आहे ते विचारा आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला ती कशासाठी ते विचारा. विचारल्याने देव कोपत नाही. डॉक्टर कोपला, तर डॉक्टर बदला.