दीनानाथकाकांच्या भांगेचं बी

इन्क्युबेटरचं दार उघडल्याबरोबर कुबट वास आला. ही तुकडीही गेली, हे सुचेताला न बघताच कळलं. पेट्री डिशमधलं बी फुगून फाटलं होतं, पण मोड एकालाही नव्हता. खालच्या टिपकागदावर दुधाळ पाणी उतरलं होतं आणि कडेने करड्या बुरशीची लव धरली होती.

लेस्टरबाहेर, शेतांच्या मधोमध, एका छोट्या कंपनीची ही प्रयोगशाळा. होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याचं, रीतसर लायसन्स घेऊन इथे भांगेच्या धागा देणाऱ्या जातींवर काम चालायचं. नशा न येणारी भांग, जिला इथले शेतकरी हेम्प म्हणतात. तिचा धागा गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये जायचा आणि तिची काडी चुन्यात कालवून घरांच्या भिंतींत. सुचेता अकोल्याला बियाणेशास्त्र शिकलेली. लग्नानंतर लेस्टरला आली आणि दोन वर्षांनी, २००२ मध्ये, तिला ही नोकरी मिळाली. अकोल्याला आईशी फोनवर बोलताना ती अजूनही ‘एक धाग्याचं पीक आहे’ एवढंच सांगायची.

हे बी मात्र कंपनीचं नव्हतं. ते दीनानाथकाकांचं होतं.

जानेवारीत बर्मिंगहॅमला मराठी मंडळींचा संक्रांतीच्या तिळगुळाचा कार्यक्रम होता. तिथे कुणीतरी गमतीने म्हणालं, “सुचेता भांग पिकवते.” सगळे हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ हसले नाहीत. ते काठी टेकत उठले, तिच्यापाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “कुठली जात लावता?”

दीनानाथकाका स्वतः पीकपैदासकार होते. साठच्या दशकात ते लिंकनशायरमधल्या एका तंतुसंशोधन केंद्रात होते. कुमाऊंच्या डोंगरातल्या उंच भांगेचा इथल्या जुन्या हेम्पशी संकर करून त्यांनी एक वाण तयार केला होता. उंच, सरळ, फांद्या न फोडणारा, आणि धागा असा मऊ की हातात धरला तर रेशीम वाटावा. मग सत्तरच्या सुरुवातीला कायदा बदलला, केंद्र बंद झालं, उभं पीक कापून आवारात जाळलं. बी जवळ ठेवणं हा गुन्हा नव्हता. काकांनी मूठभर बी एका बरणीत घालून घरी आणलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिज बदलत गेले, बरणी तीच राहिली.

“माझ्यात आता शेत बघायची ताकद नाही,” त्यांनी तिला सांगितलं होतं. “पण बी शेतात गेलं तर बरं वाटेल.”

पुढच्याच आठवड्यात त्यांची मुलगी मीनल ते बी घेऊन लेस्टरला आली. जाड, हवाबंद लखोटा, त्यावर काकांच्या अक्षरात सुचेताचं नाव. सुचेताने पहिली तुकडी नेहमीच्या पद्धतीने लावली. जुनं बी आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, मग ओल्या टिपकागदावर ठेवायचं, मग ऊब द्यायची. काहीच झालं नाही. तिला वाटलं, तापमान चुकलं. दुसऱ्या तुकडीला दिवसा ऊब आणि रात्री गारवा दिला. तीही सडली. मग तिला कवच कठीण झाल्याची शंका आली. तिसऱ्या तुकडीचं एकेक बी तिने बारीक सँडपेपरवर घासलं, बुरशी लागू नये म्हणून औषधाच्या पाण्यात भिजवलं. आणि आज तिसऱ्या तुकडीचाही हा वास.

तिचा बॉस कॉलिन ब्रॅडवेल दारात उभा राहून बघत होता. उंच, शांत माणूस, बोलताना नेहमी हात खिशात.

“सुचेता, हेम्पचं बी दहा वर्षं टिकलं तरी खूप. हे तीस वर्षांहून जुनं आहे. ते मेलंय.”

“असेल,” ती म्हणाली. “पण मेलंय हे मला अजून दिसलेलं नाही. फक्त उगवत नाहीये, एवढंच दिसलंय.”

लखोट्यात आता चिमूटभर बी उरलं होतं. त्यातल्या दोन बिया गमवायच्या असं तिने ठरवलं. एक रसायन असतं, त्यात जिवंत पेशी लाल होतात आणि मेलेल्या तशाच फिक्या राहतात. त्यासाठी बी उभं चिरावं लागतं. पण काकांचं बी इतकं ठिसूळ होतं की पात्याखाली भुगाच झाला असता. म्हणून तिने त्या दोन बिया जेमतेम दमट कागदाच्या घडीत ठेवल्या, त्या नरम झाल्यावर चिरल्या आणि रसायनात सोडल्या.

दुपारी जेवून परत आली, भिंगाखाली डिश सरकवली आणि तिचा हात थांबला. बियांच्या आतला गर्भ लाल झाला होता. ठिपके ठिपके नाही, टोकापासून टोकापर्यंत. डाळिंबाच्या दाण्यासारखा.

“कॉलिन, जरा येता का?”

कॉलिन वाकला, बघत राहिला. “दुसरी?”

“दुसरीही.”

त्याने खिशातून हात काढले. “मग बाकीच्या का सडल्या?”

हेच तिला कळत नव्हतं. जिवंत बी तिच्या हातात येऊन मरत होतं. तिचं काहीतरी चुकत होतं आणि काय ते डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं. ती बेचैन झाली, पण त्या बेचैनीत एक हुरूप होता. गेले कित्येक आठवडे ती मेलेल्या बियांवर काम करत नव्हती, एवढी बातमीसुद्धा तिला पुरेशी होती.

शनिवारी तिने बर्मिंगहॅमची ट्रेन पकडली. फोनवर विचारता आलं असतं, पण काकांशी समोर बसूनच बोलायला हवं असं तिला वाटलं. न्यू स्ट्रीटला उतरून बसने ती त्यांच्या घरी पोचली. दार मीनलने उघडलं. ती जन्माने इंग्लंडचीच, शाळेत शिकवायची, पन्नाशीला टेकलेली.

“ये ना. बाबा सकाळपासून नवा शर्ट घालून बसला आहे. मी म्हटलं, नुसता व्हिजिट आहे, इंटरव्ह्यू नाही.”

काकांनी बसायलाही सांगितलं नाही. “मोड आला?”

“नाही आला, काका. पण बी जिवंत आहे. मी चिरून पाहिलं, आतून पूर्ण लाल.”

चष्मा काढून काकांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “मग उगवत का नाही?”

“तेच विचारायला आले. तुम्ही ते ठेवलं कसं होतं, मला अगदी पहिल्यापासून सांगा.”

“फ्रिजमध्ये. काचेच्या बरणीत. तळाशी निळे खडे.”

“कसले खडे?”

“ते कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतात ना, दमट हवा ओढून घेणारे. ओले झाले की गुलाबी होतात. मग ओव्हनमध्ये भाजायचे, परत निळे. एक वर्ष चुकवलं नाही मी.”

“माय गॉड, ते खडे,” मीनल चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. “दर ख्रिसमसला केकच्या आधी ओव्हनमध्ये बाबाचा खडे. मम्मी इतकी चिडायची.”

सुचेताने कप उचलला होता तो तसाच बशीत ठेवला. तीस वर्षं, दर वर्षी नव्याने भाजलेले खडे. त्या बियांत पाण्याचा अंशही उरला नसेल. आणि ती काय करत होती? त्या कोरड्याठाक बिया थेट पाण्यात बुडवत होती.

“काका, मला कळलं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, तिचं तिलाच जाणवलं. “बी इतकं सुकलं की त्याच्या पेशींचे पापुद्रे आकसून कडक होतात. एकदम पाण्यात टाकलं की पाणी धाडकन आत घुसतं आणि ते पापुद्रे फाटतात. आतलं सगळं बाहेर वाहून जातं. डिशमध्ये दर वेळी दुधाळ पाणी उतरायचं, ते हेच. मी बुरशीला दोष देत बसले. बुरशी नंतर आली. बी भिजवतानाच मरत होतं.”

“मग त्या दोन बिया?”

“त्या मी बुडवल्याच नव्हत्या. दमट कागदात ठेवल्या होत्या. त्यांनी पाणी सावकाश घेतलं.”

काका पुढे झुकले. त्यांचे डोळे बारीक झाले. “म्हणजे दडपे पोहे.”

“काय?”

“पातळ पोहे पाण्यात टाकलेस तर लगदा होतो. पण ओल्या खोबऱ्यात मिसळून दडपून ठेवलेस, तर नुसत्या ओलाव्यावर नरम होतात. दाणा न् दाणा अखंड.”

सुचेता हसली. “अगदी तसंच. आधी हवेतली ओल खाऊ द्यायची, मग कागद, आणि पाण्यात बुडवायचं नाहीच.”

पण काकांचा चेहरा उतरला होता. “इतकं सुकवायला नको होतं मी. माझ्यामुळेच गेलं ते बी.”

“उलट आहे, काका. इतकं सुकवलंत म्हणून ते आजपर्यंत जगलं. नुसतं फ्रिजमध्ये राहिलं असतं तर केव्हाच संपलं असतं. मारलं असेल तर मी, पाण्यात बुडवून.” तिने कप पुन्हा उचलला. “अजून थोडं शिल्लक आहे.”

परतीच्या ट्रेनची वाट बघताना तिला प्लॅटफॉर्मवर एका जागी उभं राहवेना. तिने तिथूनच कॉलिनला फोन लावला आणि ट्रेनच्या घोषणांवर आवाज चढवून सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, “सोमवारी मीही लवकर येतो.”

सोमवारी तिने झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, तळाशी ओला कापूस पसरला आणि वर बारीक जाळी बसवली, कापसाला न टेकणारी. जाळीवर उरलेलं बी मांडलं. झाकण लावलं आणि डबा खोलीच्या साध्या तापमानाला ठेवून दिला. पुढे काही करायचं नव्हतं आणि तेच सगळ्यांत अवघड होतं. येता-जाता ती झाकणातून डोकावायची. बियांवरची चमक हळूहळू जात होती, त्या किंचित गडद दिसू लागल्या होत्या. कॉलिनही उगाचच दुसऱ्या कामाचं निमित्त काढून त्या टेबलाशी यायचा.

काही दिवसांनी तिने त्या बिया दमट कागदावर घेतल्या आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कागद कोराच होता. त्यावर दुधाळ पाणी नव्हतं. त्याच्याही पुढच्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं, आणि कडेच्या एका बीचं कवच टोकाशी उकललेलं दिसलं. त्या फटीतून पांढरं, टोकदार काहीतरी बाहेर आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. तिने भिंग घेतलं. मोडच होता. शेजारच्या बीलाही होता. दुसऱ्या रांगेत आणखी एक.

तिने कॉलिनला हाक मारली नाही. क्षणभर ते तिला एकटीलाच बघायचं होतं. मग तिने बर्मिंगहॅमला फोन लावला.

“काका, मोड आलाय.”

पलीकडून आधी काठी पडल्याचा आवाज आला, मग मीनलचं “बाबा, बस, बस आधी,” आणि मग काका. “किती?”

“अजून फुटतायत. निम्म्याहून थोडे कमी होतील बहुतेक.”

“पुरे,” ते म्हणाले. “पुरे पुरे.”

पण एवढ्याने भागणार नव्हतं. रोपं कुंड्यांत गेली तेव्हा काहींच्या डोक्यावर कवच तसंच अडकून राहिलं, पानं आत मिटलेली. सुचेता श्वास रोखून त्यावर पाण्याचा थेंब सोडायची आणि नरम झालं की चिमट्याने कवच ओढून काढायची. एक रोप त्यात मोडलं. बाकीची काचघरात भराभर वाढली. उन्हाळ्यात ती तिच्या खांद्याच्या वर गेली, मग कॉलिनच्या डोक्याच्याही वर, आणि तेव्हा तिला नवी काळजी लागली. भांगेत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. ऑगस्ट संपता संपता कळ्या दिसू लागल्या, त्या सगळ्या मादीच्या. नर नसेल तर बी धरणार नाही आणि वाण इथेच संपेल.

शेवटचं एक खुरटं रोप अजून कळ्या न धरता मागे राहिलं होतं, दाराजवळच्या गार कोपऱ्यात. ती रोज आधी तिकडे जायची. त्याच्या पेरांवर गोलसर कळ्यांचे झुपके धरले तेव्हा तिने दोनदा भिंग लावून खात्री केली आणि मग तिथेच उलट्या बादलीवर बसून एकटीच हसत राहिली. ते नर होतं. फुलं उमलली तशी तिने मऊ ब्रशाने पिवळा पराग टिपला आणि शिडीवर चढून एकेका मादीच्या तुऱ्यावर लावला.

ऑक्टोबरमध्ये मीनल काकांना गाडीने घेऊन आली. काचघराच्या दारात ते थांबले. झाडं छताच्या काचेला लागून वाकली होती. काका आत गेले, एका खोडावर वरून खाली हात फिरवला. खाली पडलेली एक वाळकी काडी घेऊन त्यांनी मोडली, तिची साल ओढून धागा सुटा केला आणि बोटांत पिळला.

“हाच,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

सुचेताने एक तुरा त्यांच्या तळहातावर झटकला. करडं, बारीक रेघांचं, नवं बी घरंगळत खाली आलं. मीनलने वाकून पाहिलं. “इतकं छोटी?”

काकांनी मूठ मिटली. “पुढच्या वर्षी उघड्यावर लावणार ना?”

“कॉलिनने मागच्या शेताचा तुकडा मोकळा ठेवलाय,” सुचेता म्हणाली. “मे महिन्यात पेरू. जमीन जरा तापली की.”

“फार खोल नको पेरूस,” काका म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले.