छिन्नीवरचा निळा रंग

मी एक जुनी छिन्नी आहे. ठाण्याच्या खाडीकाठी मानवेल पाथरवटाच्या पडवीत मी गंजत पडले आहे. पण मित्रांनो, मी पहिल्यापासून अशी नव्हते.

कल्याणच्या आनंदा लोहाराने मला घडवले. माझे टोक लालभडक तापवून त्याने पाण्यात बुडवले. तेव्हा मी इतकी कडक झाले, की एका घावात तुटले असते. म्हणून त्याने टोक घासून चकचकीत केले आणि निखाऱ्यापाशी धरले. त्यावर आधी फिकट पिवळा रंग चढला, मग तपकिरी, मग जांभळट. तिथेच त्याने मला पुन्हा पाण्यात घातले. यालाच लोहार हत्याराला पाणी देणे म्हणतात. टोक निळे होऊ दिले, तर धार मऊ पडते, असे तो म्हणे.

मानवेल त्याचा वीस वर्षांपासूनचा मित्र. त्याच्या हातात मी कितीतरी उंबरे कोरले. प्लेग ओसरल्यावर मानवेलच्या वाडीने दगडी क्रूस उभारायचे ठरवले, तेव्हाही काम आमच्याकडेच आले.

एके दिवशी दाराच्या लाकडाला तापल्या लोखंडाने भोक पाडायला मानवेलला सळई मिळेना. त्याने मला चुलीत खुपसले. त्याची बायको सुझाना नको म्हणत होती. मी टोकापासून डोक्यापर्यंत तापले आणि राखेत हळूहळू निवले. माझी कातडी निळी-काळी पडली. त्याने ती विटेने घासून काढली. मी पुन्हा चमकू लागले, पण आतून मऊ झाले होते.

दुसऱ्या दिवशी क्रूसाचा हात कोरताना माझी धार दुमडली, मी घसरले आणि दगडाचा कोपरा उडाला. लोक जमले.

"आनंदा लोहाराने हिला पाणी नीट दिलं नाही," मानवेल म्हणाला. मी त्याच्याच मुठीत होते.

निरोप मिळताच आनंदा आगगाडीने आला. त्याने मला उलटसुलट फिरवले. माझ्या डोक्याजवळच्या खाचेत निळा रंग राहिला होता. ती बाजू त्याने टोकाला पाणी देताना तापवलीच नव्हती.

"मानवेलभाऊ, ही चुलीत गेली होती का?" त्याने हळूच विचारले.

"नाही."

सुझानाने मान खाली घातली. आनंदाने ते पाहिले. मग लोकांकडे वळून तो म्हणाला, "माझ्याच हातून चुकलं असेल." मला दगडावर ठेवून तो गेला. पुन्हा कधी ठाण्याला आला नाही.

मित्रांनो, माझे गेलेले पाणी आनंदा पुन्हा देऊ शकला असता. फक्त खरे सांगून मला त्याच्याकडे न्यायचे होते. मानवेल एकदा मला फडक्यात गुंडाळून स्टेशनापर्यंत गेलाही. कल्याणची गाडी आली, थांबली, निघून गेली. तो फलाटावर उभाच होता. मग मला घेऊन घरी परतला.