रुख्मिणीच्या दारातली माती

दिवेलागणीला अख्खं गाव रुख्मिणीच्या दारासमोर उभं होतं. रानातून परतणारा कठाणी जातीच्या गाईंचा कळप सलग तिसऱ्या दिवशी तिथेच अडला होता. त्या लहानखुऱ्या, काटक गाई माती हुंगत, खुरांनी उकरत आणि धाय मोकलल्यासारख्या हंबरत. मी गुरांचा डॉक्टर, तरी माझ्याही अंगावर काटा आला.

आठवड्यापूर्वी यादोरावची गाय रानात वाघाने मारली होती. सेवकराम भगताने निकाल देऊन टाकला, "मेलेली गाय बोलून राहिली. वाघ या बाईनंच धाडला. हिले गावाबाहेर काढा."

सेवकरामला गाईचा आत्मा कळे, वाघाची मर्जी कळे. स्वतःचा लंगडा बैल मात्र तो गुपचूप माझ्याकडे आणी. एकटी राहणारी विधवा रुख्मिणी आपली वासरं उघडपणे दवाखान्यात आणायची, चारचौघींनाही आणायला लावायची, त्यामुळे सेवकरामच्या अंगाऱ्याचं गिऱ्हाईक तुटत होतं. तिचा गुन्हा एवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाव सोडायचं ठरलं होतं.

"डाक्टर, मी कोठी जाऊ?" तिने विचारलं.

तेवढ्यात गुराखी हिरालाल पुटपुटला, "वाघानं गाय मारली तेथंबी हे ढोरं असेच हंबरून राहिले होते."

मी कुदळ मागवली. वीतभर खाली काळपट, कुबट मुरूम निघाला, त्यात गाईचे केस. रुख्मिणीच्या अंगणात मुरूम नव्हता. मेलेल्या गाईच्या पंचनाम्याला रानात गेलो, तेव्हा मी याच मुरमात उभा होतो.

तो टोपल्यात भरून मी सेवकरामच्या दारात ओतला. हिरालालने कळप तिकडे वळवला. गाई थबकल्या, माती हुंगून भगताच्या उंबऱ्याशी हंबरू लागल्या.

"आपल्या जातीच्या रक्ताचा वास आला की गुरं अशीच बिथरतात," मी म्हणालो. "यात आत्मा नाही."

यादोराव पुढे झाला. "भगत, गाय मेल्यावर शांतीचं पाणी शिंपाले तू दारोदारी आलता. हिच्या दारात कुदळ कायले नेली होती?"

सेवकराम घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

लोक खाली मान घालून पांगू लागले. रुख्मिणी म्हणाली, "तीन दिवस सारे येथंच उभे होते. एकानंबी वाकून माती नाही पायली."

मला त्या गावाची आजही चीड येते, आणि माझीही, कारण पहिले दोन दिवस मीही नुसतं ऐकून घेतलं होतं. भीती वाटली तर वाटू द्या. पण कुणाला घराबाहेर काढण्याआधी एकदा वाकून माती पाहा.