स्टीलवरची साय

चकचकनानांची बोट एवढी चकचकीत होती, की खाडीतले मासे तिच्या रेलिंगमध्ये तोंड बघून मिश्या सारख्या करत. एका बगळ्याला तर त्यात दुसरा बगळा दिसला, आणि त्याच्याशी भांडण्यात बिचाऱ्याचे तीन दिवस उपाशी गेले. हे सगळं खुद्द नानाच सांगत, त्यामुळे मासे वजा केले तरी चालतील. बगळ्याचं मात्र खरं असावं.

पण यंदा काहीतरी बिनसलं. नाना रेलिंग जितकं जोरात घासत, तितके त्यावर तांबूस ठिपके जास्त उठत. संध्याकाळी लख्ख करून घरी जावं, तर सकाळी रेलिंगला गोवर आलेला. स्टेनलेस म्हणून विकलेलं स्टील, आणि असं डागाळतं? नानांनी दुकानदाराला शिव्या घातल्या, वाऱ्याला घातल्या, शेजारच्या बोटवाल्यालाही घालून झाल्या. मग रेलिंगच्या खांबांच्या बुंध्यांना फडकी गुंडाळून वर चिकटपट्टी मारली, म्हणजे तिथे तरी खारा तुषार लागू नये.

शुक्रवारी बंदराचा तपासनीस येणार होता. त्यानं रेलिंग नापास केलं, की बोट धक्क्याला बांधलेली राहणार आणि पलीकडच्या कारखान्यात जाणाऱ्या बावीस बायकांची ने-आण बंद. नानांना बोटीवाचून दुसरं काही येत नव्हतं. थापा येत होत्या, पण त्या मारायलाही हातात सुकाणू लागे.

शेवटी त्यांनी लेकीला फोन केला. लेकीनं घाईघाईत सासूच्या कानावर घातलं, "बाबांच्या बोटीवर गंज आहे. शुक्रवारच्या आत घालवायचाय."

ही सासू, म्हणजे नानांच्या विहीणबाई, तीस वर्षं दुधाच्या डेअरीत टाक्या धुण्याच्या कामावर मुकादम होत्या. गंज म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे दूध तापवायचं उंच, सरळ भांडंच उभं राही. बुधवारी पहिल्या बसनं त्या आल्या, त्या काखेत रिकामं पोतं मारूनच.

त्यांना बघताच नानांनी पाठ फिरवून रेलिंग घासायला घेतलं. मुलीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात आठ हात लांब माशाची गोष्ट रंगवली होती, आणि याच बाईनं शांतपणे विचारलं होतं, "शेपटीसकट का शेपटी सोडून?" त्या दिवसापासून दोघांत 'या, बसा'च्या पलीकडे बोलणं नव्हतं.

"कुठाय गंज?" विहीणबाईंनी धक्क्यावरूनच विचारलं.

"कुठाय काय, सगळीकडे आहे."

"सूनबाई तर एकच म्हणाली."

"मोजायला बसाल तर नातवंडांची लग्नं होतील."

"असू देत. मी सगळे नेते. झाकणं आहेत का?"

नाना गोंधळले. "झाकणं नाहीत. फडकी गुंडाळलीत."

"तेही चालेल. पण चांगले असतील तर घालवता कशाला?"

"विहीणबाई, चांगला गंज कधी ऐकलाय का तुम्ही?"

"माझ्या घरी तीन आहेत. एकात तुमची लेक रोज दूध तापवते."

नानांनी रेलिंगकडे पाहिलं, मग त्यांच्या काखेतल्या पोत्याकडे. विहीणबाईंनीही रेलिंगकडे पाहिलं. आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग त्या पोत्यावरच बसून पदरानं डोळे पुसू लागल्या. नाना न हसण्याचा निर्धार करून उभे होते. तो निर्धार काही टिकला नाही.

हसणं ओसरल्यावर विहीणबाई बोटीवर चढल्या आणि बादलीत पडलेला तारेचा काथ्या त्यांनी दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा.

"यानं घासता?"

"रोज. दोन तास."

"मग तुम्ही गंज काढत नाही, व्याहीबुवा. पेरता."

"म्हणजे?"

"दुधावर साय धरते ना, तशी स्टीलच्या अंगावरही धरते. दिसत नाही एवढंच. वारा लागला की धरते, आणि तीच त्याला राखते. तुम्ही ती रोज खरवडता आणि वर या काथ्याच्या लोखंडाची पूड चोळता. गंजते ती ती पूड. डेअरीत असला काथ्या आणणाऱ्याला मी फाटकाबाहेर काढत असे."

नानांना वाटलं, आपल्यालाही आता काढतील. पण बाईंनी पदर खोचला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. आधी साबण आणि गोडं पाणी, मीठ सगळं उतरेपर्यंत. मग किराणा दुकानातून लिंबाचं फूल, म्हणजे लिंबूसत्त्व, आणायचं, ते गरम पाण्यात विरघळवून मऊ फडक्यानं डागांवर लावायचं आणि थोडा वेळ दम धरायचा.

"दम धरायचा म्हणजे काय करायचं?"

"गप्प बसायचं. जमेल का?"

जमलं नाही, पण डाग सुटले. तांबूस पाणी फडक्यात उतरलं आणि खालून स्टील असं निघालं, की नानांना स्वतःचं तोंड ओळखीचं वाटेना. मग पुन्हा गोडं पाणी, आणि कोरडं पुसणं.

"आता ही फडकी सोडा," विहीणबाई म्हणाल्या.

"ती असू देत. तिथे मी नीट बंदोबस्त केलाय."

"तिथेच तर भीती आहे. आत खारं पाणी मुरतं, वारा जात नाही, साय धरणार कशी?"

तीन खांबांच्या फडक्यांखाली नुसते डाग होते. चौथ्याचं फडकं सोडलं तेव्हा नानांनी नुसता हात लावला आणि खांब धरून ठेवणाऱ्या बोल्टचं डोकं तळहातावर आलं, पिकलेल्या फळासारखं. दुसरा बोल्टही चिरलेला होता.

नाना तिथेच खाली बसले. त्या खांबाला रोज कारखान्याच्या कँटीनमधली मावशी टेकून उभी राही. भर खाडीत, पाण्याकडे पाठ करून. मावशीला पोहता येत नव्हतं. वजन विचारायची कुणाची छाती नव्हती.

नानांनी ते डोकं पुन्हा बोल्टवर बसवून पाहिलं. ते बसेना. विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"उठा," त्या हळूच म्हणाल्या, "नवे बोल्ट आणा. स्टीलचेच आणि त्याच जातीचे. स्वस्तातले लोखंडी नकोत."

शुक्रवारी तपासनिसानं प्रत्येक खांब दोन्ही हातांनी हलवला. चौथा जरा जास्तच. खांब हलला नाही, उलट तपासनीसच हलला. त्यानं कागदावर सही केली आणि विचारलं, "हे काम कुणी केलं?"

नानांच्या जिभेवर सात गोष्टी एकदम आल्या. त्यांनी त्या गिळल्या. "माझ्या विहीणबाईंनी. मी फक्त बिघडवलं होतं."

शनिवारी सकाळी बावीस बायका चढल्या. विहीणबाई पण होत्या, पलीकडून त्यांना परतीची बस मिळणार होती. मावशी सवयीनं चौथ्या खांबाला टेकली आणि डबा उघडून खायला लागली. इंजिनाच्या आवाजातून खांबाची कुरकुर ऐकू येते का, म्हणून नानांनी कान दिला. काही नव्हतं.

"विहीणबाई," ते पुढे वाकून म्हणाले, "मांडवात तुम्ही विचारलं होतंत, ते आठ हात शेपटीसकट होते. शेपटी सोडून दोन हात."

"मला तेव्हाच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. मग मावशीकडे बघून थोडं सरकल्या आणि त्याच रेलिंगला आपणही टेकल्या.